झेंड्याचं वजन

चहा जरा निवू द्या, तोवर आमच्या मोर्चाचं सांगते. रानात बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे, हा भेद मोडायचा म्हणून आमच्या निमगावच्या संपतरावांनी इंदापूरच्या कचेरीवर मोर्चा काढला. "बाया घेऊन या, दिवसाची हजेरी मी देतो," म्हणाले. आम्ही पंधराजणी टेम्पोत बसलो. 'समान कामाला समान दाम' ही घोषणा त्यांनीच वाटेत आमच्याकडून पाठ करून घेतली. घसा बसेपर्यंत आम्हीच ओरडलो. संगं आलेले गडी मागं झेंडे धरून तंबाखू मळत उभे होते.

साहेबांनी निवेदन घेतलं. मग टेम्पोपाशी संपतराव हजेरी वाटायला लागले. गड्यांना पाचशे, आम्हाला तीनशे.

मी विचारलं, "संपतराव, हे कसं काय?"

"शांताक्का, रानात जो दर चालतोय तोच धरलाय."

"रानात गडी जड काम करत्यात म्हणता. हितं काय जड उचललं?"

"झेंडं त्यांनीच धरलं की."

"झेंडा किती किलोचा हाय?"

आम्ही पंधराजणी टेम्पोच्या पुढ्यात बसलो आणि तीच घोषणा पुन्हा सुरू केली. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "बाई, निवेदन घेतलं की मी. आता कुठली मागणी राहिली?"

"मागणी तीच हाय, साहेब. पर आता तुमच्याकडं न्हाय, ह्यांच्याकडं हाय."

संपतरावांनी मुकाट्यानं खिशात हात घातला. साहेबांकडची मागणी वर पाठवलीय म्हणतात, अजून खाली आली नाही. आमची मात्र, टेम्पो सुटायच्या आत मंजूर झाली.