मशाल धाकट्याकडे

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे त्यांची बहीण होती. दोघं भावंडांच्या रविवारच्या ऑनलाइन खेळातला नकाशा दुरुस्त करत होते; त्यात प्रत्येकाची एक सोंगटी होती आणि मशालीच्या उजेडापुरतंच दिसायचं.

“ताई, माझी सोंगटी दिसते, पण भोवती सगळा काळोख.”

“सोंगटीवर दोनदा क्लिक कर. तिच्या सेटिंगमध्ये ‘दृष्टी’ चालू आहे?”

“आहे. गेल्या रविवारी हेच भुयार लख्ख दिसत होतं.”

“थांब, बघते. अरे, मशाल आपल्या धाकट्याच्या सोंगटीला जोडलेली होती. ती सोंगटीच मी सकाळी काढून टाकली.”

“मला न विचारता?”

“बापू, आठ महिने तो खेळायला आलेला नाही. दर रविवारी त्याची सोंगटी मीच ओढत नेते. माझेच पाय दुखायला लागले.”

“तुझा फोन उचलतो?”

“नाही. तुझा?”

“नाही.”

“मशाल तुझ्या सोंगटीला देते. वीस फूट उजेड पुरेल?”

“नको. त्याची सोंगटी परत ठेव.”

“आणि ओढणार कोण?”

“मी. ती हलवायची तेवढी परवानगी दे मला.”

“तो येणार नाही रे.”

“आलाच, तर त्याला स्वतःची सोंगटी शोधत बसावं लागेल. ते नको.”

“बरं. ठेवली. दिसतंय आता?”

“दिसतंय. थांब, आधी त्याला पुढे सरकवतो, मग मी निघतो.”