डावीकडे घे, सावकाश

पावडरचा डबा शोधता शोधता औषधवाल्याचे कान रांगेतल्या दोन आजींकडेच होते.

“यजमानांना दवाखान्यातून घरी का आणलंत?”

“डॉक्टर म्हणाले, आता बरं करणारं औषध नाही, दुखणं थांबवणारं आहे. म्हटलं, मग ते घरीही देता येतं.”

“झेपतं तुम्हाला?”

“दर दोन तासांनी कूस बदलते त्यांची. जन्मभर ट्रक चालवला ना, पडल्यापडल्या मलाच सांगतात, ‘डावीकडे घे, सावकाश, हां, बस.’”

“पडून पडून पाठीला जखमा होतात म्हणे.”

“काल नर्सबाईंनी पाठ तपासली. एकही जखम नाही. तीस वर्षं त्यांनी गाडीला साधा ओरखडा पडू दिला नाही. आता गाडी माझ्या हातात आहे.”