कौतुक झालं की रुचिका गैरहजर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या गावच्या सरपंच नीराताई. मुख्याध्यापक चांगदेव सर. पंचायत समितीतून वेळात वेळ काढून आलेले अधिकारी साहेब. ज्यांना निरोप द्यायला आज कुणाचंच मन तयार नाही त्या आपल्या विशेष शिक्षिका भावना मॅडम. सर्व गुरुजन, माता-भगिनी, पालक मित्र आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या बालमित्रांनो, आपणा सर्वांना काळूराम घरतचा नमस्कार.

मला बोलायला उभं करायचं म्हणजे चांगदेव सरांनी धाडसच केलं. मी ट्रेलर चालवतो. न्हावा शेवा बंदराच्या गेटवर कंटेनर घेऊन तासन्‌तास गप्प बसायची माझी सवय. अशा माणसाच्या हातात माइक दिला तर तो परत कधी देईल, याचा नेम नाही. तेव्हा ताई, फार लांबलं तर बेल वाजवा.

माझी मुलगी रुचिका इथे पाचवीत आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. बोलते कमी, शिकते सावकाश, हसते मात्र सगळ्यांच्या आधी. ती वर्गात इतर मुलांबरोबर बसून शिकावी म्हणून मॅडम तिला वेगळं समजावतात, वर्गशिक्षकांना समजावतात, आणि आम्हा घरच्यांना तर फारच समजावतात. पाली भागातल्या शाळेत त्यांची बदली झाली, तिथल्या लेकरांचं नशीब चांगलं. आमचं काय, ते मी पुढे बोलणार आहे.

सुरुवातीची एक गंमत सांगतो. मॅडम संध्याकाळी मला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायच्या. 'आज रुचिकाने अख्खी गोष्ट ऐकली, किती गुणाची मुलगी आहे हो तुमची.' मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. मी स्पीकर मोठा करून घरभर ऐकवायचो. आणि दुसऱ्या दिवशी रुचिका शाळेत गैरहजर.

मॅडमना वाटायचं, पालकांचा उत्साह कमी पडतोय. म्हणून त्या आणखी कौतुक करायच्या. की रुचिका पुन्हा घरी. मी पहाटे गाडीवर जाणारा, मला पत्ताच नाही. शेवटी शाळेत विषय निघाला. इतके खाडे होत असतील तर हिला घरीच शिकवू, आठवड्यातून एकदा मॅडम जाऊन येतील. सरांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी म्हणजे बाक नाही, मैत्रिणी नाहीत, डबा वाटून खाणं नाही. माझी बायको अमिषा ते ऐकून भिंतीला टेकून रडली.

तेव्हा मॅडम आमच्या घरी आल्या. कोण चुकलं हे विचारायला नाही. 'घरी काय होतं ते मला बघू द्या,' म्हणाल्या. आणि तिथे माझ्या आईने, ठमीबाईने, सगळा उलगडा केला. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. आई, जरा हात वर कर. नाही करणार. बरं, राहू दे.

आई मॅडमना म्हणाली, "बाई, तुमी पोरीचं चांगलं बोलता, मंग तिला नजर लागते. मी ती काढते आनि दुसरे दिशी तिला घरान ठेवते. उंबऱ्याचे बाहेर सोडत न्हाय."

आमच्या घरचा हा जुनाच कायदा. मला वाटलं, झालं, आता मॅडम अंधश्रद्धेवर व्याख्यान देणार. मॅडम पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी नजर मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नाही. पण तुम्ही हे काळजीपोटी करता, ते मला कळतं. मी कौतुक सांगायचं बंद केलं तर पोरगी रोज येईल?"

आई म्हणाली, "मंग मना कसं कलेल, ती शालेन काय करते?"

आता सांगा, हा प्रश्न किती खरा होता? मॅडमनी तिथेच मार्ग काढला. त्या दिवसापासून निरोपात गुणगान नाही, फक्त काम. 'आज गणवेशाचं शेवटचं बटण रुचिकाने लावलं. उद्या घरी वरची बटणं तुम्ही लावा, शेवटचं तिला लावू द्या.' यात कौतुक कुठे आहे? मग नजर लागणार कशाला? आईला हे एकदम पटलं. आणि मंडळी, खरं सांगू का, 'गुणाची मुलगी' ऐकून आम्ही नुसते खूश व्हायचो. बटणाचं ऐकल्यावर आम्हाला घरी काय करायचं ते समजायला लागलं.

आईचा हात फार लवकर पुढे जातो. रुचिकाने मागायच्या आधी पाणी, बोट दाखवायच्या आधी भाकरी. आई थांबायला शिकली. एक बटण, मग दोन बटणं. सकाळी दोघी समोरासमोर बसायच्या, रुचिका झगडतेय आणि आई स्वतःचेच हात पदरात गुंडाळून बसलीय. आईची चिडचिड व्हायची. "माजे हातान ते लगेच व्हतं," म्हणायची. पण हात बाहेर काढायची नाही.

परवाच्या सव्वीस जानेवारीला रुचिका या माइकवर प्रतिज्ञेच्या दोन ओळी म्हणाली. आणि चांगदेव सरांनी काय करावं? अख्ख्या गावासमोर तोंड भरून कौतुक केलं. मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. म्हटलं, उद्या शाळा बुडाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघालो. आईने मीठ-मोहऱ्या घेतल्या, नातीवरून ओवाळल्या, चुलीत टाकल्या. रुचिका सगळी बटणं लावून दप्तरासह उभी. मी विचारलं, "आई, आज हिला घरीच ठेवायची ना?"

आई म्हणाली, "का म्हून? नजर लागली तं लागूं दे, ती मी बगीन. शाला बुडवाची न्हाय." आणि तिचा हात धरून स्वतः उंबऱ्याबाहेर घेऊन गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

आता मॅडम चालल्या. त्यांच्या जागी कोण येणार, कधी येणार, ठाऊक नाही. तोवर रुचिकाला घरीच शिकवू, अशी कुजबुज पुन्हा माझ्या कानावर आली आहे. साहेब, तुम्ही आहात म्हणून हात जोडून सांगतो. माझ्या आईने आयुष्यभराची भीती बाजूला ठेवून नातीला शाळेत पाठवलं. आता शाळेने तिला घरी पाठवू नये. मॅडमची जागा भरा, आणि ती भरेपर्यंत पोरीचा बाक तिथेच असू द्या. घरचं काम आम्ही करतो, ते आम्हाला मॅडमनी शिकवलं आहे.

मॅडम, तुमचे उपकार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून फक्त सांगतो, आमच्या घरचं दार तुम्हाला कायम उघडं आहे. अध्यक्ष ताई, सर, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखण्यात कमी पडलो असेन, तर ड्रायव्हर माणूस म्हणून पोटात घाला. साहेब, तुम्हाला जे बोललो ते मात्र चुकून बोललेलो नाही.

नमस्कार.