चिठ्ठी नंबर सात

या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय चित्राताई, व्यासपीठावर बसलेले फादर, विठ्ठलवाडी फेलोशिपचे ब्रदर राकेश, आजचे सत्कारमूर्ती आपले पाळक रेव्हरंड देवराम पाटोळे, पाळकीणबाई, आणि कल्याण-डोंबिवलीतून आलेल्या तिन्ही मंडळ्यांतल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सलाम. ज्यांचे मोबाईल अजून वाजताहेत, त्यांना नाही.

मी या मंडळीचा सेक्रेटरी, गेली बावीस वर्षं. पाळक येतात, पाळक जातात, सेक्रेटरी तिथेच. निरोपाचं भाषण मला तोंडपाठ आहे. आजचंही लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू द्या. गुरुवारी संध्याकाळी मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी हादरलेलो आहे. ही गोष्ट सांगितल्याशिवाय पाटोळेसाहेबांना हार घालायची माझी लायकी नाही. शिवाय या हॉलमध्ये एक मुलगी बसली आहे. तिला तोंड द्यायचं आहे, तेही सगळ्यांसमोर.

साहेब नऊ वर्षांपूर्वी इथे आले आणि पहिल्याच मीटिंगला म्हणाले, "जानेवारीत ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. तो तिन्ही मंडळ्यांनी मिळून करायचा." मी म्हटलं, करा! फादरांचे रोमन कॅथलिक लोक आपल्यात येणार नाहीत, आपण त्यांच्यात जाणार नाही, आणि फेलोशिपवाले आले तर जाताना आपल्या कळपातली चार मेंढरं घेऊन जातील. साहेब हसले. मनाला लावून घ्यायची त्यांना सवयच नाही. सप्ताह सुरू झाला. पहिल्या वर्षी तिन्ही मंडळ्या तीन कोपऱ्यांत बसल्या, चहासुद्धा आपापल्या थर्मासातला. फादर, खोटं बोलतोय का? बघा, मान हलवताहेत.

मग साहेबांनी सुचवलं की, एकमेकांच्या आजारी माणसांसाठी वर्षभर प्रार्थना करायची. याद्यांची अदलाबदल करायची, एकेका आजाऱ्याची चिठ्ठी एकेकाला द्यायची. आता सेक्रेटरी कशाला असतो? खोडा घालायला! मी म्हणालो, नावं द्यायची नाहीत. नाव दिलं की पत्ता लागतो, पत्ता लागला की हे फेलोशिपवाले प्रार्थनेचं तेल लावायला घरी जातात, आणि माणूस बरा झाला की तो त्यांचा. फक्त नंबर, वय, स्त्री की पुरुष, आणि आजार. कमिटीनं माझी सूचना एकमतानं पास केली. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालेली तेवढीच गोष्ट असेल.

तर गेल्या वर्षी जानेवारीत मला विठ्ठलवाडीची एक चिठ्ठी आली. नंबर सात. "वय एकसष्ट, स्त्री, डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मुलगी सोबत असते." बस्स, इतकंच.

मी प्रामाणिकपणे प्रार्थना केली, देव साक्षी आहे. रोज पहाटे, दात घासायच्या आधी. काय सांगू, त्या बाईचा मला लळा लागला. मंगळवारी वाटायचं, कदाचित आज तिला सुया टोचत असतील. उन्हाळ्यात वाटायचं, हिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागत असेल. एकदा माझी बायको म्हणाली, "अहो, सख्ख्या माणसांसाठी कधी इतकं रडला नाहीत." मी तिच्यावर खेकसलो.

नोव्हेंबरात ग्रुपवर मेसेज आला: "चिठ्ठी नंबर सात बंद." आमच्याकडे चिठ्ठी बंद म्हणजे माणूस बरा झाला, हे मी गृहीत धरून चाललो होतो. माझ्याच नियमात कारण लिहायची सोय नव्हती. रविवारी उपासनेत मी उभा राहिलो आणि सांगितलं की, विठ्ठलवाडीची आपली बहीण बरी झाली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. उपकारस्तुतीचं गीत गायलं. आणि मी, या हातांनी, दारात उभं राहून पेढे वाटले. आठवतात ना पेढे? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी दोन-दोन घेतले होते.

या बुधवारी साहेब निरोप घ्यायला ब्रदर राकेशकडे गेले. सहज विचारलं, "ती सात नंबरची ताई कशी आहे?" राकेश म्हणाले, "साहेब, तिला नोव्हेंबरातच मातीआड केलं."

गुरुवारी साहेब माझ्या घरी आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, "सेक्रेटरी, आधी बसा. तिचं नाव मालन होतं. माहेर तुमचं."

मालन माझी बहीण. सख्खी. पाठची.

तुम्ही चमकलात ना? नव्या लोकांना माहीतच नाही की मला बहीण होती. साहेबांनाही नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मालन फेलोशिपमध्ये गेली, निळ्या प्लास्टिकच्या टाकीत बुडून तिनं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मी तिला म्हटलं, "आई-बाबांनी तान्ही असताना दिलेला बाप्तिस्मा काय खोटा होता?" ती म्हणाली, "दादा, तसं नाही रे, तू एकदा येऊन तर बघ." मी गेलो नाही. मंडळीचं रजिस्टर काढलं आणि पट्टी लावून तिच्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून! आणि बोलणं बंद केलं.

वय एकसष्ट. सख्ख्या बहिणीचं वय मला कळू नये? मी तेव्हा सदुसष्टचा, ती सहा वर्षांनी लहान, दुसरीतल्या पोरालाही जमणारी वजाबाकी. पण माझ्या डोक्यात ती सत्तेचाळीसचीच राहिली होती, भांडलो त्या दिवशीची. अरे, रिक्षानं दहा मिनिटांवर ती डायलिसिसच्या खाटेवर पडलेली, आणि मी घरात गुडघे टेकून देवाला सांगतोय, बाबा रे, या अनोळखी बाईला कोणीतरी भेटायला जाऊ दे. देवानं काय करावं हो अशा माणसाचं?

आणि अजून एक. हे राकेशनं मला काल फोनवर सांगितलं. आमच्याकडून त्यांना गेलेल्या यादीत एक चिठ्ठी माझी होती. "पुरुष, सदुसष्ट, बायपास." वाटप चालू असताना मालननं ती ओळखली. म्हणाली, "हा माझा दादा आहे. ही मला द्या." राकेशनं माझाच नियम पाळला, नाव कुठे सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती चिठ्ठी तिच्या उशाखाली होती. म्हणजे नावाशिवाय तिनं मला ओळखलं. मी नाही ओळखलं.

ऐक्य व्हावं म्हणून मी नऊ जानेवाऱ्या प्रार्थना केली, मंडळी. मोठ्या आवाजात. आता मला माझ्याच आवाजाची शरम वाटते.

पाटोळेसाहेब, तुम्ही आम्हाला एकत्र बसवलंत, आणि मी एकत्र बसूनही दार लावून घेतलं. जाताना तुम्ही ते सत्य माझ्यापासून लपवलं नाहीत. गोड बोलून निघून जाता आलं असतं. तुमचे आणि पाळकीणबाईंचे उपकार मी शब्दांत मांडू शकत नाही. नव्या मंडळीत सुखाने राहा. फादर, ब्रदर राकेश, तुम्ही आलात, तुमचेही आभार. पुढच्या जानेवारीत याद्यांवर नावं असतील, पूर्ण नावं, पत्त्यासकट. कमिटीला आक्षेप असेल तर कमिटीनं दुसरा सेक्रेटरी शोधावा.

भाषण संपवताना, काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. मी 'असेल' म्हणणार नाही. चुकलंय. आणि माफी तुम्हा सगळ्यांची मागून उपयोग नाही, ती एकाच माणसाची मागायची आहे. दीप्ती, बाळा, मी तुझा मामा. तुझ्या आईच्या मातीला मी आलो नाही, उलट पेढे वाटले.

मी आता खाली उतरतोय. तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय, तिच्यावर तुझी पर्स आहे. ती तू उचलली नाहीस तरी मी समजेन. मी तिथे उभा राहीन.