वरचं मॉडेल

(बावधनच्या शोरूममधून ट्रायलला आणलेली गाडी. राजनंदिनी चालवते आहे, शेजारी तिची आई बानूबाई, मागच्या सीटवर शोरूमचा ऋषिकेश.)

बानूबाई : अगं हात लाव. वळण आलं.

राजनंदिनी : थांब आई. बघ आता. बघ.

बानूबाई : वळली. राजे, आपली आपण वळली गं.

ऋषिकेश : मॅडम, हात परत ठेवा, थोडाच वेळ सोडायचे असतात. काकू, कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो आणि गाडी त्यांच्या मधोमध ठेवतो. पुढची गाडी हळू झाली की ही पण हळू होते.

बानूबाई : मगा त्यो टेंपो हळू झाला, तवा तू ब्रेक दाबलाच न्हाईस?

राजनंदिनी : न्हाई. माझे दोन्ही पाय खाली होते.

बानूबाई : मग ठरलं. हीच घ्यायची.

राजनंदिनी : आई, हे सगळं फक्त वरच्या मॉडेलला आहे. खालच्यापेक्षा लई महाग पडतं.

बानूबाई : पडू दे.

राजनंदिनी : पडू दे? कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी तू?

बानूबाई : जुडी काय आपली आपण घरी येती व्हय?

ऋषिकेश : काकूंचं बरोबर आहे, मॅडम. एकदा याची सवय लागली की साधी गाडी चालवावीशी वाटत नाही.

राजनंदिनी : तुम्ही जरा थांबा हो. आई, मी रोज कोळवणवरून हिंजवडीला जाणार. निम्मा रस्ता खड्डे, निम्मा डंपर. पट्टे आहेत कुठं? इथं मजा येतीय, मला पण येतीय, मघाशी अंगावर काटा आला. पण रोज असा रस्ता कुठून आणू?

बानूबाई : तुला नसंल लागत तर राहिलं. घरात आनखी माणसं हायेत.

राजनंदिनी : कोण? आप्पा? आप्पा सदा मेंढरांमागं.

बानूबाई : त्येंचं न्हाई म्हणत मी.

राजनंदिनी : मग कोण? आई... तू?

बानूबाई : हसू नको.

राजनंदिनी : हसत न्हाई. सांग.

बानूबाई : तुझा बा मेंढरं घेऊन हितल्या चांदे गावाला हाय, त्या उंच इमारतींच्या मधल्या रानात. भाकरी न्यायची तर जीपची वाट बघा, न्हाईतर कुणाच्या मोटारसायकलला हात करा. वर 'कुटं निघाला वैनी' म्हणून चौकश्या. जाईस्तोवर भाकरी गार. आता ही गाडी आपली आपण जाती. मी नुसतं बसायचं. लई दिवसांचं मनात हाय माझ्या.

ऋषिकेश : काकू, तसं नसतं. लायसन लागतं. हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर ठेवावेच लागतात. गाडी फक्त मदत करते.

बानूबाई : म्हंजी ज्याला चालवता येती, त्यालाच मदत?

ऋषिकेश : हो.

बानूबाई : ज्याला येतंय त्याला कशापायी मदत?

राजनंदिनी : आता उत्तर द्या, ऋषिकेश. आई, आलो बघ कोळवणच्या रस्त्याला.

बानूबाई : त्ये स्टेरिंगमागं पट्ट्यांचं हिरवं चित्र दिसत व्हतं, त्ये कुटं गेलं?

ऋषिकेश : गेलं काकू. पट्टे संपले.

बानूबाई : सरपंचाला सांगून मारून घेऊ की.

राजनंदिनी : आधी डांबर तरी येऊ दे.

बानूबाई : हळू घे. फुडं मेंढरं हायेत.

राजनंदिनी : कुठं? मला तर दिसत...

बानूबाई : दाब. आता दाब.

राजनंदिनी : दाबला. बाई गं, वळणातच होती की.

ऋषिकेश : गाडी माणसं ओळखते, मॅडम. गाड्याही ओळखते. जनावरांची मात्र खात्री देता येत नाही.

राजनंदिनी : ते असू द्या. पुढं वाका जरा. आईचा पाय बघा.

ऋषिकेश : उजवा? चटईत रुतलाय पार.

राजनंदिनी : आई, कधीपासून दाबतीस असं?

बानूबाई : सवय हाय. जीपमधी फुडं बसलं की दाबते. त्यो जीपवाला सारखा उशिरा दाबतोय.

ऋषिकेश : खरं सांगू? टेंपोच्या वेळी मी मागून बघत होतो. आधी काकूंचा गुडघा हलला, मग गाडी हळू झाली.

राजनंदिनी : म्हणजे पाय तयार आहे. हात तेवढे राहिले. ऋषिकेश, खालचं मॉडेल बुक करा. आणि आमच्याजवळ गाडी शिकवणारं कोण चांगलं आहे, ते सांगा.

ऋषिकेश : माझं टार्गेट बुडवलंत, मॅडम. पौडात एक बाई शिकवतात, नंबर देतो.

बानूबाई : मला? अगं ह्या वयात? गाव काय म्हणंल?

राजनंदिनी : 'कुटं निघाला वैनी' म्हणंल. काच खाली करून सांगायचं.

बानूबाई : काच खाली कशी करत्यात?

राजनंदिनी : ते बटण दाब.

बानूबाई : झाली. राजे, झाली बघ. वारं आलं आत.

ऋषिकेश : मेंढरं गेली, काकू. आता पाय काढला तरी चालेल.

बानूबाई : थांबा जरा. एक कोकरू मागं राहिलंय.