बाकावरची दहा मिनिटं

म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीच्या बसची रांग. माझ्यापुढे काजूच्या फॅक्टरीतल्या दोघी.

“सिद्धी, आपल्या गौरवीचा फोटो लावला गो ऑफिसात. बघितलास?”

“मला नाही बघायचा तो.”

“असं काय? तुकडा काजू ‘चवथीच्या खिरीसाठी’ म्हणून वेगळा विकायचं तिनेच सुचवलं ना?”

“वीस वर्षं मी खिरीत तुकडाच घालते. त्यात सुचायचं काय?”

“मग बोलली का नाहीस?”

“जुना साहेब बोलायला द्यायचा? तोंड उघडलं की ओरडायचा. हा नवा मेंदूचं शिकून आलाय. ओरडलं की मेंदू बंद पडतो म्हणे. रोज दहा मिनिटं बाकावर गप्प बसा, आपोआप सुचतं.”

“गौरवीला तिथेच सुचलं.”

“माहीत आहे. मीही आठ दिवस बसते.”

“अगो! आणि?”

“आणि काय? समोरच्या खिडकीतून तिचा फोटो दिसतो. सारखा हसतो.”

“आठ दिवसांत काहीच सुचलं नाही?”

“एक सुचलं. त्या फोटोला हार बरा दिसेल.”

“सिद्धी! जिवंत आहे गो ती!”

“म्हणून तर साहेबाला सांगितलं नाही.”