आठवड्याच्या बातम्या

बसच्या रांगेत माझ्या पुढे आमच्या गावच्या पेपरातले दोघे उभे होते: गेल्या महिन्यात काढून टाकलेला बातमीदार आणि राशिभविष्य लिहिणारे म्हातारे बुवा. एके काळी त्या पेपरासाठी आमच्या घरात रोज सकाळी ओढाताण व्हायची.

"बुवा, माझ्या नोकरीबद्दल मालकांशी बोललात का?"

"बोललो रे. पण आता मी एकटाच पुरतो म्हणाले."

"म्हणजे बातम्याही तुम्हीच लिहिता?"

"मग! सोमवारी बसतो आणि भविष्याबरोबर आठवड्याच्या बातम्याही उरकून टाकतो."

"घडायच्या आधी?"

"बुधवारी नळाला पाणी नाही, गुरुवारी सभेत खुर्च्यांची फेकाफेक. एक तरी चुकली का? तू गावभर वणवण करायचास, तरी दुसऱ्या दिवशी खुलासे छापावे लागायचे."

"अहो, पण उद्या नदीवरचा जुना पूल पडला तर?"

"उद्या कशाला? पूल आजच्या अंकात आहे."

"आजच्या? किती वाजता?"

"वेळ आपण देत नाही. दुपारनंतर, एवढंच."

बातमीदाराने रांग सोडली आणि नदीच्या दिशेने धूम ठोकली.

"अरे, पळतोस कुठे?" बुवा मागून ओरडले. "छापून झालीय ती!"